पर्पेतुआचं बाळ कुणी नेलं?

वसई परिसरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा गाभा इथे देते.

ताई 44 वर्षांच्या. घरी नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. त्यांच्या धर्मग्रामातल्या महिला मंडळाने यंदा संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिता (रोमन काळात ख्रिस्ती म्हणून रिंगणात मारल्या गेलेल्या दोघी) यांचा सण (7 मार्च) आणि महिला दिन (8 मार्च) असा जोडून कार्यक्रम ठरवला, आणि वीस मिनिटांचं नाटुकलं लिहायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं. त्यांनी मनापासून लिहिलं. मंडळातल्या ज्येष्ठ बाईंनी वाचून सांगितलं की तान्ह्या बाळाचं आणि दुधाचं काढा, स्वप्नात पर्पेतुआ पुरुष होते ते तर काढाच, त्याऐवजी तिने शील कसं जपलं ते घाला. मुलीने वाचलं आणि वही मिटून ठेवली. "अंगावर पिणारं बाळ टाकून मरायला गेलेली बाई आदर्श म्हणून दाखवणार?" एवढंच बोलली. तिसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. ताईंच्या नणंदेला नवरा मारतो. मध्यंतरी ती माहेरी आली, तेव्हा प्रार्थनेला येणाऱ्या एका बाईने तिला समजावलं, संत बायकांनी सिंहापुढे सोसलं, तुला घरातल्या घरात सोसवत नाही? नणंद परत गेली. ताई विचारतात, "हे नाटक लिहून मी त्या बाईच्याच हातात काठी देते आहे का? सोडून दिलं तर म्हणतील हिची श्रद्धा कमी. आणि खरी पर्पेतुआ नक्की कोणती?"

ताई,

आधी नणंदेचं बोलू. नाटकाला अजून वेळ आहे, तिला कदाचित नाही.

तिला एकटीला गाठा आणि विचारा, काय झालं, केव्हापासून, मुलांवर हात टाकतो का. "सोडून ये" किंवा "सांभाळून घे" यातलं काहीच तुम्ही ठरवू नका. एवढंच सांगा की आमच्या घराचं दार उघडं आहे, रात्री दोनलाही. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक तिच्या फोनमध्ये एखाद्या साध्या नावाने साठवून द्या, तातडीला 112 आहेच. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे अर्ज करता येतो, आणि तक्रार केली म्हणून तिला राहत्या घरातून हाकलता येत नाही. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती तुमच्या कपाटात असू द्या. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्यावा. हे सगळं पर्पेतुआचा विषय न काढता करा.

आणि त्या समजावणाऱ्या बाईंना कधी सांगता आलं तर सांगा, पर्पेतुआपुढे सिंह नव्हताच. गाय होती. चवताळलेली, मुद्दाम आणलेली गाय. पुरुषांसाठी बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, आणि बायकांसाठी त्यांच्या जातीला साजेशी म्हणून मादी. टोमणाच तो, रोमन पद्धतीचा.

मी ख्रिस्ती नाही. कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे ही कथा मला देवळातून न येता पुस्तकातून आली. तुमच्या सणाबद्दल तुम्हाला सांगायचा अधिकार माझा नाही. पण "संतांनी किती सोसलं" हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. आमच्या घरी ते सीतेच्या नावाने यायचं. माझी आजी मात्र जात्यावर बसली की त्याच सीतेची बाजू घेऊन रामाला चार शब्द सुनवायची. तेव्हा एकाच बाईच्या गोष्टीचे दोन उपयोग होतात हे मी लहानपणीच पाहिलं.

तुम्ही विचारता, खरी पर्पेतुआ कोणती. सुदैवाने इथे आपल्याकडे एक कागद आहे. इतर बहुतेक प्राचीन संत स्त्रियांबद्दल जे कळतं ते दुसऱ्यांनी, बहुधा पुरुषांनी, बहुधा पुष्कळ वर्षांनी लिहिलेलं. पर्पेतुआच्या बाबतीत कैदेतली रोजनिशी आहे, लॅटिनमधली, तिच्या तोंडची. कार्थेज, म्हणजे आजचं ट्युनिशिया, साल 203. वय साधारण 22, बऱ्या घरची, शिकलेली, लग्न झालेली, कडेवर तान्हा मुलगा. आधी आणि शेवटी कुणा निवेदकाचा मजकूर आहे, मधला भाग तिचा. तो भाग संपतो तिथे ती म्हणते की रिंगणातल्या खेळाच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं, खेळात काय होईल ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं.

लोकांनी लिहिलंच. आजवर लिहिताहेत, तुम्हीही त्यातल्याच. म्हणून आधी तिने काय लिहिलंय ते बघू.

लेकीच्या आक्षेपापासून सुरुवात करते. रोजनिशीत बाळाचं काय होतं? पर्पेतुआ तुरुंगात गेल्यावर घाबरते. असा अंधार मी कधी पाहिला नव्हता, म्हणते. गर्दीचा उकाडा, शिपायांची दमदाटी, आणि सगळ्यावर बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस हे दोन उपयाजक पहारेकऱ्यांना पैसे चारतात, तेव्हा कैद्यांना काही तास जरा बऱ्या जागेत बसायला मिळतं. तिथे ती भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजते. पुढे बाळ तुरुंगात जवळ ठेवायची परवानगी ती मिळवते, आणि लिहिते की तुरुंग मला एकदम राजवाडा झाला. नंतर सुनावणी. हिलारियानुस नावाचा अधिकारी, मेलेल्या प्रांताधिपतीच्या जागी बसलेला, तिला सांगतो, बापाच्या पिकल्या केसांकडे बघ, लेकराकडे बघ, सम्राटाच्या कल्याणासाठी बळी अर्पण कर. ती म्हणते, नाही करत. तू ख्रिस्ती आहेस का? आहे. शिक्षा होते. ती लगेच पोम्पोनियुसला बापाकडे पाठवते, बाळ आणून द्या म्हणून. बाप देत नाही.

बाळ देत नाही तो बाप आहे, ताई. ती मागते आहे. पुढची ओळ कुठल्याही आईला कळेल अशी आहे. देवाच्या मर्जीने बाळाला मग अंगावरचं लागेनासं झालं, आणि माझी छातीही दाटून आली नाही. ज्या बाईने हे लिहिलं ती बाळाला विसरलेली नव्हती, तिला छाती भरून येण्याची भीती होती.

मग "टाकून गेलेली" आई आली कुठून? नंतरच्या काळात या कथेच्या छोट्या आवृत्त्या तयार झाल्या, वाचायला सुटसुटीत अशा. मूळ रोजनिशीत नवऱ्याचा पत्ताच नाही, या आवृत्तीत तो हजर होतो आणि तिचे हात धरून रडतो. बाप बाळ तिच्या गळ्यात घालतो. आणि ती बाळाला दूर लोटते, घरच्यांनाही लोटते आणि म्हणते, चालते व्हा, दुष्कर्म करणाऱ्यांनो, मी तुम्हाला ओळखत नाही. कुणाला तरी वाटलं असणार की संत म्हणजे अशीच, काळजावर दगड ठेवलेली. मूळ बाई त्यांना पुरेशी कठोर वाटली नाही.

तुमची लेक चिडली आहे ती या दुसऱ्या पर्पेतुआवर. तुमच्या संहितेत बाळाचा प्रसंग कुठल्या आवृत्तीतून आला ते एकदा तपासा. पत्रात तुम्ही लिहिलंय की पर्पेतुआ "निर्धाराने बाळ बापाच्या हाती सोपवते". हा निर्धार तुमचा आहे. चुकून शिरला असेल, शिरतो तो.

एवढ्याने लेकीचं समाधान होईल असं समजू नका, आणि व्हायलाही नको. शेवटी पर्पेतुआ एक शब्द बोलली असती तर त्या संध्याकाळी घरी गेली असती. बाळाला आई मिळाली असती. हा हिशेब कुठल्याही आवृत्तीत चुकत नाही. फक्त तो प्रश्न तुमच्या लेकीने पहिल्यांदा विचारलेला नाही. बापाने विचारलाय, भर तुरुंगात. तुझ्या मुलाकडे बघ, तुझ्यामागे तो जगायचा नाही. तो तिचे हात चुंबतो, पाया पडतो, तिला मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणतो. आणि हे सगळं तिनेच लिहून ठेवलंय, आपल्याविरुद्धचा सगळ्यात जड युक्तिवाद, न पुसता. मला विचाराल तर तिचं मोठेपण मरणापेक्षा मला इथे जास्त दिसतं. तेव्हा नाटकात लेकीचा प्रश्न गाळू नका. तो बापाच्या तोंडी पूर्ण येऊ द्या आणि त्याला उत्तर देऊन टाकायची घाई करू नका. बाप दुष्ट दाखवू नका. सुनावणीत हिलारियानुस त्या म्हाताऱ्याला छडीने मारायला लावतो, आणि ती लिहिते, जणू मलाच मार बसला.

आता ज्येष्ठ बाईंचं म्हणणं. शील जपलं ते घाला. पर्पेतुआ विवाहिता, एका मुलाची आई. फेलिसिता बाळंतीण. कौमार्य जपणारी संत हवी असेल तर ती आग्नेस, 21 जानेवारीची, कोकरू घेतलेली. तिच्याबाबतीत बघा, मिलानच्या बिशप अॅम्ब्रोसने 377 च्या सुमारास कुमारिकांसाठी लिहिताना तिला बारा वर्षांची म्हटलं आणि तलवारीने मारवलं. पोप दामासने तिच्या स्मरणार्थ जो लेख कोरला, तो आजही रोममधल्या तिच्या नावाच्या चर्चमध्ये आहे, त्यात ज्वाळांचा उल्लेख येतो. नंतर प्रुदेन्तियुस या कवीने वेश्यागृहाचा प्रसंग रंगवला. तिची स्वतःची एक ओळ नाही आपल्याकडे. अशा मुलीच्या तोंडी ज्याला जे हवं ते घालता येतं. पर्पेतुआच्या तोंडी घालता येत नाही, म्हणून तिच्यातलं काढावं लागतं.

बाईंचा आग्रह अगदीच निराधार आहे असंही नाही. त्याचं बी मूळ मजकुरातच आहे, निवेदकाच्या भागात. गायीने उडवल्यावर पर्पेतुआ फाटलेलं वस्त्र मांडीवर ओढून घेते, आणि निवेदक म्हणतो, तिला वेदनेपेक्षा लाजेची आठवण अधिक. मग ती केसांना पिन मागते, कारण मोकळे केस म्हणजे दुखवट्याचे, आणि हा तिचा सन्मानाचा दिवस. वस्त्राचं निवेदकाला कळलं तसं त्याने लिहिलं. केसांचं मला जास्त पटतं, तिच्या स्वभावाला धरून आहे. बाईंना हा पिनेचा प्रसंग द्या. त्या खूश होतील आणि तुमचंही काही बिघडत नाही.

पण दूध काढू नका. दोघींना आधी विवस्त्र करून जाळ्यांत गुंडाळून रिंगणात आणलं, तेव्हा रक्ताला चटावलेली गर्दीही शहारली, एक नाजूक तरुणी आणि दुसरी नुकती बाळंत झालेली, स्तनांतून दूध गळणारी. म्हणून त्यांना परत नेऊन सैल झगे घालून आणलं. हे रंगमंचावर दाखवायचं नसतंच, गर्दीतल्या कुणा बाईच्या तोंडून एका वाक्यात सांगा. मंडळातल्या निम्म्या बायका कुठल्या ना कुठल्या सरकारी वॉर्डात बाळंत झाल्या असतील. त्यांना "दूध" या शब्दाचा संकोच होईल असं मला वाटत नाही.

स्वप्नाचं म्हणाल तर तिथे गंमत आहे. पर्पेतुआला दिसतं की तिला एका धिप्पाड इजिप्तच्या माणसाशी कुस्ती खेळायची आहे, तिचे कपडे उतरवतात, आणि ती म्हणते, मी पुरुष झाले. अंगाला तेल चोळतात, कुस्ती होते, ती त्याला लोळवते, डोक्यावर पाय देते. या एका वाक्यावर अभ्यासकांनी ढीगभर लिहिलंय. बाई पवित्र व्हायची तर तिला पुरुष व्हावं लागतं, असं काही म्हणतात, आणि ते खोडून काढणं सोपं नाही. पण पुढची ओळ बहुतेक जण सोडून देतात. जिंकल्यावर खेळ लावणारा उंच माणूस तिला सोनेरी सफरचंदांची फांदी देतो, चुंबन घेतो आणि म्हणतो, "मुली, तुला शांती असो." मुली! स्वप्नातसुद्धा ती मुलगीच राहते. कुस्तीचा प्रसंग ठेवायचा तर ही ओळ ठेवा. वेळ कमी असेल तर सगळंच स्वप्न गाळा, अर्धं नको.

एक चूक मात्र दुरुस्त करा. तुमच्या संहितेत फेलिसिता पर्पेतुआची मोलकरीण आहे, तिची वेणी घालते, तिच्यासाठी रडते. मजकुरात तसं कुठेही नाही. ती गुलाम होती, रेवोकातुस या दुसऱ्या गुलामाबरोबर पकडली गेली, एवढंच येतं. मालकीण कोण ते लिहिलेलं नाही. गुलाम बाई दिसली की तिला सरदारणीची सेविका करून टाकायची ही आपली, म्हणजे वाचणाऱ्यांची सवय. फेलिसिता आठ महिन्यांची गरोदर होती. गर्भवतीला देहदंड देत नसत, म्हणून तिची शिक्षा लांबून नंतर परक्या गुन्हेगारांबरोबर मरावं लागेल या धास्तीने सगळ्यांनी प्रार्थना केली, आणि तिला तुरुंगातच कळा सुरू झाल्या. कण्हताना पहारेकरी हिणवतो, आता अशी ओरडतेस तर जनावरांपुढे काय करशील? ती म्हणते, आत्ता जे सोसते आहे ते मी सोसते आहे. तिथे माझ्यात दुसरा कुणी असेल आणि तो माझ्यासाठी सोसेल.

अख्ख्या मजकुरात सोसण्याबद्दलचं सर्वांत नेमकं वाक्य एका गुलाम बाळंतिणीचं आहे, आणि ते उलट उत्तर आहे. पहारेकऱ्याला सुनावलेलं. तिला मुलगी झाली, ती एका ख्रिस्ती बाईने आपली म्हणून वाढवली. रिंगणात गायीने दोघींना आपटल्यावर पर्पेतुआ उठते, फेलिसिताला हात देऊन उठवते आणि दोघी बरोबरीने उभ्या राहतात. हे दृश्य घ्या. वेणी नको.

आता श्रद्धेचं. तुम्हाला भीती वाटते की कुठली आवृत्ती, कुणी घातलं, असे प्रश्न काढले की लोक म्हणतील हिचा विश्वास उडाला. संत ऑगस्टीनपेक्षा तर कुणी जास्त श्रद्धाळू नको ना? तो यांच्याच आफ्रिकेतला, यांच्या सणाला प्रवचनं द्यायचा, दोघींची नावं जोडली की लॅटिनमध्ये "चिरंतन सुख" होतं म्हणून शब्दांशी खेळायचा. तोच ऑगस्टीन दुसरीकडे एका वादात या रोजनिशीबद्दल म्हणतो की हे काही धर्मशास्त्रात धरलेलं लिखाण नव्हे, आणि जाता जाता "तिने, किंवा ज्या कुणी ते लिहिलं त्याने" असं लिहून जातो. पाचव्या शतकातला बिशप! रोजनिशी खरंच तिच्याच हातची का, हा वाद आजही चालू आहे. मला ती तिची वाटते, दुधामुळे आणि बापामुळे, पण हा माझा कल झाला. पूर्ण लॅटिन मजकूर तर मध्ये बराच काळ विस्मरणातच होता, माँते कासिनोच्या मठातल्या हस्तलिखितावरून तो 1663 मध्ये छापला गेला. त्याआधीच्या किती पिढ्यांनी या दोघींपुढे मेणबत्त्या लावल्या त्या त्यांची नावं ऐकून, त्यांचे शब्द न वाचता. तुमच्या मिस्सेतल्या पहिल्या कृतज्ञतास्तुतीत फेलिसिता, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया ही सात नावं एका ओळीत येतात. तुमच्या गल्लीत हाक मारली तर त्यातल्या निम्म्या ओ देतील.

चर्चने स्वतःही कथा तपासल्या आहेत. फिलोमिना घ्या, तुमच्याकडे घरटी एक असेल. 1802 मध्ये रोमच्या प्रिसिलाच्या भूमिगत दफनभूमीत एक कबर सापडली, फरशांवरची अक्षरं उलटसुलट लागलेली, ती जुळवून "फिलुमेना" नाव वाचलं. चरित्र आलं नंतर, एका जोगिणीच्या (ननच्या) साक्षात्कारातून. 1961 मध्ये तिचा सण उपासनेच्या पंचांगातून काढला. म्हणून माझ्या ओळखीच्या फिलोमिनाताईंनी नाव बदललं नाही, की देवळात जायचं सोडलं नाही.

मराठी ख्रिस्ती बोलण्यात यांना "रक्तसाक्षी" म्हणतात ते मला फार नेमकं वाटतं. आम्ही बाकीचे "हुतात्मा" म्हणतो. हुतात्मा म्हणजे ज्याची आहुती पडली तो. त्याने काही बोलायची गरज नसते, आपण चौक बांधतो आणि आपणच बोलतो. साक्षी मात्र बोलल्याशिवाय साक्षी होत नाही. इंग्रजी "मार्टर"च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदारच. बाप पहिल्यांदा भेटायला येतो तेव्हा पर्पेतुआ समोरचं एक भांडं दाखवून विचारते, याला भांड्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? नाही, तो म्हणतो. मग मीही जी आहे त्याशिवाय दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. बाप एवढा चिडतो की डोळे काढायला अंगावर धावतो. घरातल्या कर्त्या पुरुषाला, मग दरबारात अधिकाऱ्याला, आणि शेवटच्या दिवशी सेरेस देवीच्या पुजारिणीचा पोशाख चढवायला आलेल्या सैनिकी अधिकाऱ्यालाही ती नाही म्हणते, आणि तो पोशाख परत न्यायला लावते. अशी बाई नवऱ्याचा मार मुकाट खाण्याचा दाखला म्हणून कुणी वापरत असेल, तर त्यांनी तिचं पान उलटून पाहिलेलं नाही. तुम्ही नाटक लिहिलं नाहीत तरी ती काठी त्यांच्या हातात राहणारच आहे. लिहिलंत तर निदान मंडळाला मूळ शब्द ऐकू येतील.

तेव्हा लिहा, थोडं वेगळं लिहा. भांडं प्रत्यक्ष असू द्या, घरातला तांब्या चालेल. रंगमंचावर तुरुंग, बाप आणि फेलिसिताचं बाळंतपण एवढंच, रिंगण नको. मार आणि मरण शब्दात येऊ दे. पर्पेतुआचे शब्द वहीतून वाचले जावेत आणि निवेदकाचे दुसऱ्या आवाजात, म्हणजे तिचं कुठलं आणि लोकांचं कुठलं हे प्रेक्षकांना आपोआप कळेल. फादरांना संहिता आधीच दाखवा, बाईंच्या तक्रारीनंतर नव्हे. इतर गावांतून, इतर धर्मांतून ज्या बायका संतचरित्रांची नाटकं बसवतात, त्यांनाही हेच सांगेन, की जी ओळ काढायला सांगतील ती कुणाची आहे ते आधी बघा. तिची स्वतःची असेल तर अडून राहा. नंतरच्या कुणाची असेल तर तडजोड करा, भांडणं काय कमी आहेत का.

प्रयोगानंतर चहा असेलच. चहाच्या आधी दहा मिनिटं खुर्च्या गोल करून बायकांना एवढंच विचारा, बाळ कुणी नेलं? बघा काय काय निघतं. आणि वहीतलं ते शेवटचं वाक्य, पुढचं ज्याला लिहायचं त्याने लिहावं, ते लेकीला वाचायला सांगून बघा. नाही म्हणाली तर आग्रह धरू नका, का नाही म्हणते ते मात्र ऐकून घ्या, आणि मलाही कळवा.